कोळसांड्याची गौर मागं बघत येते

भाद्रपदात गौरी आणायच्या दिवशी या वाटेनं आलात, तर तुम्हाला वाटेल या गावच्या बायकांना रीतभात कुणी शिकवलीच नाही. खड्यांची गौर एरवी कशी आणतात? नदीवर जायचं, पाण्यातले खडे वेचून ताम्हनात घ्यायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि मुक्यानं घरी यायचं. वाटेत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, कारण मागं बघितलं की गौर आल्या पावली परत जाते म्हणतात. आणि आमच्या कोळसांड्याच्या बायका? हातात ताम्हन आणि तोंड चालू. चार पावलं टाकली की मान मागं. "येतेस ना गं?" असं पुढचीनं मागचीला विचारायचं, आणि "आले गं" असं ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. शेजारच्या गावची माणसं हसतात. हसू देत, त्यांचं काय जातं. ज्या गावाला असं करावं लागतं त्या गावानं आधी काय केलं होतं, ते ऐका, आणि मग हसायचं का ते ठरवा.

ही खाली दिसते ती कोंड. नदी इथं वळते आणि वळणावर कातळात खोल डोह झालाय. अलीकडचा काठ उथळ आहे, खडे तिथलेच घेतात. पलीकडं मात्र उभा कडा, आणि कड्याला बिलगून करंजाची झाडं, त्यांची मुळं पाण्यावर लोंबलेली. चैत्रात मुलंसुद्धा इथं डुंबतात. भाद्रपदात पाण्याला अशी ओढ असते की म्हैस उतरायला धजत नाही. गावातल्या झाडून सगळ्या गौरी या कोंडीतून येतात आणि याच कोंडीत जातात.

फार मागची गोष्ट आहे असं सांगतात. किती मागची ते विचारू नका, ते सांगणारं कुणी उरलं नाही. नदीच्या अंगाला पहिलं घर खोतांचं. गौरीचा पहिला मान त्यांचा. खोतांच्या सुनेनं पहिला खडा उचलायचा, मग बाकीच्यांनी. खोतांची गौर पुढं, गाव मागं. खोतांची गौर बसली नाही तर गावात कुणाचीच बसायची नाही, अशी रीत होती.

त्या घरची थोरली सून आवडी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. सासू बयोबाई तोंडानं गोड होती, शिवी म्हणून कधी द्यायची नाही. पण चूल फुंकता फुंकता सहज म्हणायची, की थोरल्यासाठी एक स्थळ सांगून आलंय, मुलगी धडधाकट आहे. आवडीचा नवरा गप्प जेवायचा. आता दुसरी आली म्हणजे पहिलीनं जायचं कुठं, तर गोठ्याशेजारच्या खोलीत, नाहीतर भावाच्या दारात. आवडीनं दोन्ही जागा डोळ्यांसमोर आणून बघितल्या होत्या.

तिच्यापाशी एकच गोष्ट होती. ती आल्यापासून एकही वर्ष तिच्या हातची गौर अडली नव्हती. ना चूळ सांडली, ना मान वळली. ज्या बाईच्या हातानं गौर सरळ घरात येते तिला घराबाहेर काढू नये, असा गावात समज होता, आणि बयोबाई माणसांना भीत नसली तरी या समजाला भीत होती. त्या वर्षी तिनं आवडीला जवळ बसवून सांगितलं म्हणे, की यंदाची गौर सुरळीत आली तर स्थळाला नाही म्हणून कळवते. नाही आली, तर मार्गशीर्षात मांडव घालायचा. आवडीनं मान डोलावली. तिला गौरीकडून दुसरं काहीच नको होतं, फक्त त्या घरात राहायचं होतं.

धाकटी सून मथी. तिचा तो सासरचा पहिला भाद्रपद. पोर हसरी, बडबडी, कामाला वाघ. आवडीला ती आक्का म्हणायची. घरात आवडीच्या केसांना तेल लावणारं, ती जेवली का म्हणून विचारणारं तेवढं एकच माणूस होतं. बोलून चालून जावा, पण सख्ख्या बहिणींना लाजवतील अशा. गौरीच्या आदल्या दिवशी मथी खिदळत म्हणाली, की आक्का, तू तोंडात पाणी धरून चाललीस की मी मागून अशी हाक मारीन, की फस्सकन हसशील. आवडीनं तिला कान धरून दटावलं. यंदा चेष्टा नको, यंदा माझा जीव टांगणीला आहे, म्हणाली. मथीनं लगेच गळ्याची आण घेतली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता, पण नदी भरून चालली होती. पुढं ढोलवाले, त्यांच्या मागं आवडी, तिच्या मागं गावच्या बायका. मथीच्या हातात ताम्हन नव्हतं. गौरीला वाहायला तेरडा हवा म्हणून ती टोपली घेऊन आलेली. आवडीनं पहिला खडा उचलला, हळदकुंकू वाहिलं, चूळ भरली आणि वाटेला लागली. बाकीच्यांनी आपापले खडे घेतले आणि ओळीनं निघाल्या. मथी मागं राहिली. काठाला तेरडा छान फुलला होता, अजून दोन मुठी खुडाव्यात असं तिला वाटलं असेल.

ढोल वळणापलीकडं गेला आणि मागून हाक आली. "आक्का!"

आवडीला वाटलं, चेष्टाच करत्येय कार्टी. इतकं बजावूनही. तिला राग आला आणि ती चालत राहिली.

दुसरी हाक आली तेव्हा तिला कळलं. काही लोक सांगतात की तिला कळलं नव्हतं, ढोल वाजत होता, नदीचा आवाज होता. असं सांगणाऱ्यांनी कधी हाक मारलेली नाही आणि ऐकलेलीही नाही. माणूस खेळात हाक मारतं आणि बुडताना हाक मारतं, यातला फरक पाळण्यातल्या पोरालाही समजतो. तिसऱ्या हाकेत पाणी शिरलं होतं. आवडीच्या तोंडात चूळ होती, हातात ताम्हन, ताम्हनात गौर, आणि मान वळवायला तेवढी हिंमत पाहिजे होती. मान वळली तर गौर परत जाणार. गौर गेली तर मार्गशीर्षात मांडव. तिनं डोळे ताम्हनावर ठेवले आणि पाऊल उचललं.

तिला एकटीला दोष देऊ नका. मागं अख्खी ओळ होती. सगळ्यांनी ऐकलं. आवडीच्या मागच्या बाईनं विचार केला, ही त्यांच्या घरची सून, हीच वळत नाही तर मी कशाला. तिच्या मागचीनं तिच्या पाठीकडं बघितलं. सगळ्यात शेवटी होती तिनं पुढं बघितलं, तर कुणाचीच मान वळलेली नव्हती, म्हणून तिनंही वळवली नाही. अशा सगळ्या बाया तोंडात पाणी धरून, शहाण्यासारख्या, आपापली देवी सांभाळत घरी गेल्या.

दारात बयोबाई निरांजन घेऊन उभी होती. आवडीनं तुळशीपाशी चूळ टाकली. सासूनं रीतीप्रमाणे विचारलं, गौर आली का? आवडी म्हणाली, आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. हळदीकुंकवाच्या पावलांवर पाय ठेवत तिनं ताम्हन आत नेलं, पाटावर ठेवलं. मग तिनं सासूला सांगितलं की मथी कोंडीत पडली. मी जाते, कुणाला तरी घेऊन जाते.

बयोबाईनं आधी माजघराचं दार लोटून घेतलं. मग जे बोलली, ते या गावात अजून सांगतात, आणि सांगताना आवाज खाली करतात.

"मेली असली तर आणून काय करणार? घराला सुतक लागेल, बसली गौर उठवावी लागेल, गावाची उठवावी लागेल, आणि ती तुझ्या हातची असेल. आणि जिवंत असली, तर वर आल्यावर पहिली गोष्ट गावाला काय सांगेल, ते तुझं तू बघ."

आवडी दाराकडं बघत उभी राहिली. मग तिनं पदर खोचला आणि पहिल्या दिवशीच्या नैवेद्याची भाजी चिरायला घेतली. प्रेत दिसल्याशिवाय सुतक नाही, आणि बघायला कुणी गेलं नाही तर प्रेत दिसत नाही. शास्त्र असं सोयीचं असतं.

धाकटी कुठं आहे असं शेजारणींनी विचारलं. बयोबाई म्हणाली, नेमका आजच कावळा शिवला पोरीला, मागच्या खोपीत बसवलंय. आता बाहेर बसलेल्या बाईकडं सणासुदीला कोण जाईल? ज्यांनी विचारलं त्यांनी सकाळी हाक ऐकली होती. तरी सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या. गावाला काहीच माहीत नव्हतं असं कुणी सांगू लागलं, तर त्याला खुशाल खोटारडा म्हणा. बयोबाईनं दोन वेळेला स्वतःच्या हातानं पान वाढून खोपीच्या दारात नेऊन ठेवलं, आणि दोन्ही वेळेला कुत्र्यानं ते चाटून पुसून साफ केलं.

पूजेच्या दिवशी सकाळी मथीचा नवरा मोरबा बंदरावरून आला. बायकोची पहिली गौर म्हणून तिच्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आलेला. आईनं त्यालाही तेच सांगितलं. शिवायचं नाही, आत डोकवायचं नाही, तर त्यानं खोपीच्या पायरीवर बांगड्यांची पुडी ठेवली आणि बाहेरूनच म्हणाला, मी आलोय गं. आतून उत्तर आलं नाही. आई ऐकत असेल म्हणून लाजली, असं त्याला वाटलं. मग तो पंगतीला बसला आणि त्यानं घावन-घाटलं पोटभर खाल्लं.

दुपारी खोतांच्या पडवीत गावच्या बायका जमल्या. झिम्मा, फुगड्या, गौरीची गाणी. गाण्याला पुढं आवडीच असायची, गळा चांगला होता तिचा. सासू त्या दिवशी तिच्यावर खूश होती. पाटावरच्या गौरीला वाहिलेलं नवं लुगडं विसर्जनानंतर तुलाच देईन, म्हणाली, आणि स्थळाला नाही म्हणून निरोप धाडल्याचंही सांगितलं. म्हणजे आवडीला जे हवं होतं ते मिळालं. त्या घरातून आता तिला कुणी काढणार नव्हतं.

आणि झिम्मा रंगात आला असताना वारा फिरला. नदीकडून आवाज आला, बारीक, घासलेला. "आक्का."

टाळ्या थांबल्या. एका बाईचा हात वरच्या वर राहिला. सगळ्यांनी आवडीकडं बघितलं. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. पण तोंड उघडलं असतं तर काल का नाही उघडलं, हा प्रश्न तिलाही लागला असता. बयोबाई आतून म्हणाली, गप का झालात गं, गौरीला जागवायचंय ना? आवडीनं पुढची ओळ उचलली. कालपर्यंत कधी गायली नव्हती एवढ्या मोठ्यानं उचलली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पडवी दणाणून गेली, आणि मग नदीकडचं काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गौरी पोचवायला सगळ्या कोंडीवर आल्या. पाणी बरंच उतरलं होतं. आवडीनं खडे पाण्यात सोडायला हात पुढं केला आणि समोर बघितलं. पलीकडच्या कड्याला, करंजाच्या मुळांच्या बेचक्यात, मथी होती. पदराचं टोक तिनं मुळाला गाठ मारून बांधलं होतं, ओढीनं वाहून जाऊ नये म्हणून. एक पाय मोडून उलटा पडलेला. हात पोचेल तिथवरची करंजाची पानं ओरबाडलेली होती. करंजाचं पान कडू जहर, जनावर तोंड लावत नाही, ते तिनं चावलं होतं. मोरबा पोहत गेला. त्यानं तिला पाठीवर घेऊन अलीकडं आणलं आणि काठावर निजवलं. गावात बाळंतपणं करणारी, मढी न्हाऊ घालणारी एक म्हातारी होती. तिनं मथीचा हात उचलून वाकवून बघितला. "अजून ताठलीसुद्धा नाही," ती म्हणाली, "सकाळपर्यंत होती की गं पोर."

कुणी रडलं नाही म्हणे. रडायला तोंड कुठं होतं?

मोरबा घरी गेला, खोपीच्या पायरीवरची पुडी घेऊन आला आणि बायकोच्या हातात बांगड्या भरायला बसला. हात सुजले होते, चढेनात. एकेक बांगडी चढवायला जायची आणि पिचायची. पुडी संपेपर्यंत तो बसला. मग चितेला अग्नी देऊन तो जो बंदराच्या वाटेनं गेला, तो कोळसांड्याला परत आला नाही.

बयोबाईचं काय झालं, असं सगळे विचारतात. काही झालं नाही. शब्दाची पक्की होती, तिनं दुसरी सून आणली नाही. पुढं बरीच वर्षं जगली, आणि धडधाकट असताना एक दिवस झोपेतच गेली. देव बघतो म्हणतात. बघत असेल.

झालं ते गावाचं. पुढल्या भाद्रपदात बायका कोंडीवर गेल्या, तर पाण्यात एकही खडा नव्हता. हात घालावा तर तळ पाट्यासारखा सपाट, नुसता हात फिरत राहायचा. त्याच्या पुढच्या वर्षी पल्याडच्या ओढ्यातले खडे आणले, तर दारात येऊन बघतात तो ताम्हनात फक्त पाणी. गुरवानं ग्रामदेवीला कौल लावला. लावलेली पाकळी ना उजवी पडली ना डावी, तिथंच वाळून गेली. वर्षामागून वर्षं गेली. आसपासच्या गावांत झिम्मा घुमायचा आणि कोळसांड्याच्या बायका भाद्रपदात दारं लावून बसायच्या. माहेरवाशिणी यायच्या बंद झाल्या. ज्या गावात गौरच येत नाही तिथं लेक कशाला पाठवायची, असं सोयरे म्हणू लागले.

आवडी त्या घरात राहिली. तिला राहायचंच होतं ना. तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. तिनं पान वाढावं आणि लोकांनी जेवावं, एवढं चाललं होतं. गाणं मात्र तिचं सुटलं. केस पांढरे झाल्यावर एका वर्षी गौरीच्या दिवशी तिनं ताम्हन घासलं आणि एकटीच नदीवर निघाली. चूळ भरली नाही. काठावर उभी राहिली आणि इतक्या वर्षांत घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते नाव तिनं घेतलं. "मथे, मला ऐकू आलं होतं गं. पहिल्या वेळेलाही आणि झिम्मा चालला होता तेव्हाही."

पाण्यात हात घातला, तर हाताला खडे लागले.

ती परत निघाली ती चार पावलांवर थांबत, मागं वळून बघत, "येतेस ना गं?" असं विचारत. वाट लहान, पण तिला घरी पोचायला दिवस मावळला म्हणतात. बयोबाई तेव्हा होती, म्हातारी झालेली, पण दारात निरांजन घेऊन उभी. तिनं रीतीप्रमाणे विचारलं, गौर आली का? आवडी उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "अजून आली नाही. शोधायला कोण येतंय?"

बयोबाई आली नाही. आवडीचा नवराही ओटीवरून उठला नाही. ती म्हातारी, मढी न्हाऊ घालणारी, तीही केव्हाच वारली होती. शेवटी त्या ओळीत चालणाऱ्यांपैकी एक बाई आपल्या घरातून कंदील घेऊन निघाली. तिच्या मागं दुसरी. मग एकेक करत सगळ्या कोंडीपर्यंत गेल्या आणि करंजाखाली उजेड धरून बघून आल्या. कुणी सापडणार नव्हतंच. पण आल्यावर बघतात, तर आवडीच्या ताम्हनातले खडे तसेच होते. त्या वर्षी कोळसांड्यात गौर बसली.

तेव्हापासून आमच्या गावात चूळ धरत नाहीत. खोतांचा पहिला मान आवडीनं आपण होऊन सोडला, आणि तिच्या घरच्या सुनेनं ओळीत सगळ्यात शेवटी चालायचं, असं ठरवून दिलं. तिला मूल झालं नाही, पण दत्तकानं घर पुढं चाललं, आणि आजही तसंच चालतं. पुढची विचारते, येतेस ना गं, खोतांची सून म्हणते, आले गं, आणि मग तिनं स्वतः मागं वळून विचारायचं असतं. तिच्या मागं कुणी नसतं, नुसती वाट आणि कोंड. विचारून तिनं तिथंच थांबायचं, त्या वळणावर. बाकीच्या बायका गौरी घेऊन आपापल्या घरी जातात. खोतांच्या घरचं कुणीतरी तिला शोधत कोंडीपर्यंत आलं, तरच तिनं पाऊल उचलायचं. आपण होऊन घरी यायचं नाही.

आता घरातल्यांना हे माहीत नाही असं नाही. पण सणाचा दिवस, मुंबईहून पाहुणे आलेले, नैवेद्य व्हायचा असतो, मुलं मखराच्या दिव्यांशी खटपट करत असतात, आणि जो तो समजतो की दुसरं कुणीतरी गेलं असेल. गेल्या वर्षी त्यांची धाकटी सून, नवीनच लग्न होऊन आलेली, दिवेलागण झाली तरी या वळणावर ताम्हन धरून उभी होती. पंगत बसली आणि एक पान रिकामं राहिलं, तेव्हा त्यांना तिची आठवण झाली.